उर्झुला मॅडमचे एकेचाळीस मीटर

अजमान
१५ ऑक्टोबर २०२४

ऑड्री,

आणि परत तेच. मी काही सांगायला गेलो की तुझं उत्तर तयार, "आठवी नापासाने मला शिकवू नये." ठीक आहे, नाही शिकवत. पण ते मम्मीसमोर म्हणायची गरज होती का? फोन स्पीकरवर होता. विन्स्टन अंकल माझ्याच खोलीत बसून माझाच चहा पीत होते, तेपण हसले. मी शाळा सोडली तेव्हा तू दुसरीत होतीस, बाय. पप्पा गेल्यावर कोणी कोणासाठी काय सोडलं हे तुला कळायचं वय नव्हतं. आता सतरा वर्षांची झालीस, आता तरी तोंड सांभाळ. आणि हॉस्टेलवर रविवारी अर्धा तास फोन मिळतो तो सगळा मम्मीला देतेस, मला चार ओळींचं पत्र. तेपण विन्स्टन अंकल त्यांच्या घराच्या बांधकामासाठी दर दोन महिन्यांनी वसईला जातात म्हणून. नाहीतर तेवढंसुद्धा नाही.

तू टोमणा मारलास ना, "तू तिकडे नक्की करतोस तरी काय?" ऐक. मम्मीला मी सांगितलंय की स्टेडियममध्ये कोच लोकांबरोबर असतो, ते तसंच राहू दे. खरं म्हणजे शारजामधल्या एका क्लबच्या मैदानावर मी हेल्पर आहे. पहाटे पाचला कंपनीची बस. फेकायचं वर्तुळ पुसायचं, जाळीचे दोर ताणायचे, गवतावर पाणी मारायचं. पोरी थाळी फेकायला लागल्या की पाच-सहा थाळ्या पडू द्यायच्या, मग चालत जायचं, उचलायच्या, टॉवेलने पुसून परत आणून द्यायच्या. दिवसभर हेच. तू तिकडे फेकतेस, मी इकडे उचलतो. हस आता.

पण या महिन्यात एक जर्मन बाई कोच म्हणून आल्यात. आपल्याकडे उर्सुला म्हणतात ना, तेच नाव, पण ते लोक उर्झुला म्हणतात. वय साठच्या वर, खांदे असे की दारातून तिरक्या आत येतात. एके काळी थाळीफेकीत युरोपात दोनदा दुसऱ्या आलेल्या. काल एका पोरीचा बाप त्यांना विचारत होता, माझी मुलगी अडतीसच्या पुढे जातच नाही, काय करू? मी वर्तुळ पुसत होतो म्हणून कानावर पडलं. मॅडम सांगत होत्या, त्या बारा वर्षांच्या असताना शाळेत एक माणूस टेप घेऊन आला आणि सगळ्या पोरींचे हात मोजले. ह्यांचे सगळ्यात लांब. उचलून नेलं खेळाच्या शाळेत. पंधराव्या वर्षी एकेचाळीस मीटर. मग सोळाव्या वर्षापासून रोज दोन निळ्या गोळ्या, आणि एका वर्षात बारा मीटर वाढले! बारा!

एवढ्यात थाळ्या पडल्या, मला जावं लागलं. परत आलो तर बाप मान खाली घालून उभा आणि मॅडम बुटाची नाडी बांधत होत्या. बहुतेक गोळ्यांचा रेट ऐकून गार पडला असणार.

मी गप्प बसणारा नाही, तुला माहीत आहे. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या जिममध्ये रोनित म्हणून एक ट्रेनर आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाई, जर्मन फॉर्म्युला? मिल जाएगा." साठ गोळ्या पाठवतोय, दूध पावडरच्या डब्यात खाली आहेत. निळ्या नाहीत, गुलाबी आहेत, रंग आता बदललाय म्हणे. व्हिटॅमिनच आहे. रोज एक, दुधाबरोबर. वॉर्डनला दाखवू नकोस, उगाच सगळ्या पोरी मागतील. एकशे ऐंशी दिरहम पडले, म्हणजे आपले चार हजारांच्या वर. त्यामुळे विसरू नकोस.

तुझा आठवी नापास,
अ‍ॅशले


पुणे, हॉस्टेल
८ डिसेंबर २०२४

दादा,

स्पीकरचं मला माहीत नव्हतं. सॉरी. अंकल हसले त्याबद्दल त्यांना चहा देणं बंद कर.

आता बस आणि वाच. मी गेल्या गुरुवारी बेचाळीस वीस टाकली. माझी बेस्ट होती अडतीस चाळीस. भानुदास सरांनी टेप दोनदा लावला. मग म्हणाले, "ऑड्री, काय खातेस गं?" मी म्हटलं, मम्मीच्या हातचा सुका बोंबील. सगळे हसले. तुझं नाव नाही घेतलं, घाबरू नकोस.

भूक प्रचंड लागते. मेसवाल्या मावशी मला बघून पोळ्यांचा डबा उचलून आत नेतात. तोंडावर पुळ्या आल्यात. आणि घसा बसलाय, महिना झाला, बरा होत नाही. माझी रूम पार्टनर पर्णिका म्हणते, "तू गुड मॉर्निंग म्हणालीस की वाटतं वॉचमन आला." नालायक आहे.

एक विचारायचं होतं. गोळ्यांच्या पाकिटावर नाव नाहीये. मागची बाजू खरवडलेली दिसते, ब्लेडने खरवडावी तशी. तू खरवडलीस का?

मॅडमचं पुढे काय झालं ते लिही. बारा मीटर वाढल्यावर थांबल्या, की अजून पुढे गेल्या? मी सरांना नुसतं सांगितलं की माझा भाऊ एका जर्मन चॅम्पियनबरोबर काम करतो, तर त्यांनी मला दोन सेट जास्त दिले.

तुझी,
ऑड्री


अजमान
१९ जानेवारी २०२५

ऑड्री बाय,

बेचाळीस वीस! मी पत्र बसमध्ये वाचलं आणि शेजारच्या पठाणाच्या मांडीवर थाप मारली. तो म्हणाला, "क्या हुआ, लॉटरी?" मी म्हटलं, उससे बड़ा.

पाकीट कोणी खरवडलेलं नाही. बॅगेत घासलं गेलं असेल. तू नको तिथे डोकं चालवतेस.

मॅडमचं ऐक. एकोणिसाव्या वर्षी बासष्ट मीटर. मग सदुसष्ट नव्वद. सदुसष्ट म्हणजे आपल्या चर्चच्या पायरीपासून फेकली तर विहिरीच्याही पलीकडे. वर्षातून आठ महिने प्रवास, विमानं, मोठमोठे लोक हात मिळवायला. त्यांच्या सरकारने फ्लॅट दिला, गाडी दिली. पंचवीस वर्षांच्या असताना पाठ गेली आणि संपलं. हे सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, पण तुकड्यातुकड्यांत. आमचं कामच तसं. गोष्ट रंगात आली की थाळ्या पडतात, आपण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. परत येईपर्यंत विषय बदललेला.

शुक्रवारी मी हिंमत केली. मम्मीने पाठवलेला तुझ्या फेकीचा व्हिडिओ मॅडमना दाखवला. त्यांनी एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला, मग माझ्या हातातून फोन घेऊन तिसऱ्यांदा. वाटलं आता शाबास म्हणतील. त्यांनी विचारलं, "वय काय?" मी म्हटलं सतरा. "आवाज आहे हिचा?" मला काही कळेना. ख्रिसमसला तू पाठवलेला मेसेज लावला, "हॅप्पी ख्रिसमस, दादा, केक पाठव." त्यांनी फोन कानाला लावून तो डोळे मिटून ऐकला. मग दोन्ही हातांनी माझ्या हातात फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तिला कोण काय देतंय?" मी म्हटलं, कोणी काही नाही मॅडम, मम्मी मासे देते. "ती काही घेत असेल तर मला आज सांग. उद्या नको."

मी फोन खिशात टाकला आणि जाळीचे दोर ताणायला गेलो. मला वाटतं त्यांचा फॉर्म्युला बाहेर फुटला म्हणून त्यांना राग आला असावा. किंवा तुला हेरलं असेल, कोण जाणे, मोठे कोच असंच आडून विचारतात. ह्यातून काहीतरी चांगलं निघेल बघ, इन्शाल्ला.

रोनित म्हणतो आता रोज दोन. दीडशे पाठवतोय. घशाला मिठाच्या गुळण्या कर.

अ‍ॅशले


भुईगाव
२२ एप्रिल २०२५

दादा,

ईस्टरच्या सुट्टीत घरी आलेय. परवा परत हॉस्टेलला. मम्मी बाहेर अंगणात आहे म्हणून हे आता लिहून घेते. फोनवर बोलता येणार नाही असं आहे, आणि मेसेज मम्मी वाचते.

आधी चांगलं. अठ्ठेचाळीस शून्य पाच. चौदा जूनला नॅशनलची ट्रायल आहे. सर म्हणतात पहिल्या दोघींना कॅम्प मिळणार, आणि रेल्वेचे लोक बघायला येणार. रेल्वेत लागले तर तू परत ये. घराचं छप्पर मी करीन.

आता दुसरं. पवित्र शनिवारच्या मिसाला दर वर्षी अल्लेलुया मी सुरू करते, तुला माहीत आहे. प्रॅक्टिसला उभी राहिले आणि आवाजच निघाला नाही. म्हणजे निघाला, पण तो माझा नव्हता. मागच्या बाकावरची पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, "अ‍ॅशले कधी आला दुबईहून?" फादर चांगले आहेत, म्हणाले, घसा सांभाळ, या वर्षी आईच्या शेजारी बसून नुसती ऐक. मी मम्मीच्या शेजारी बसले. दुसरीच मुलगी गायली. मम्मीने पूर्ण मिसा माझ्याकडे बघितलं नाही, पण माझा हात धरून ठेवला होता.

आणि तुला लिहू नये असं एक आहे, पण दुसऱ्या कोणाला लिहू? पाच महिने झाले, मला पाळी आलेली नाही. ओठावर आणि हनुवटीवर केस येतात, मी पर्णिकाच्या रेझरने काढते. सरांना विचारलं तर म्हणाले, खेळाडू मुलींचं असं होतं, जास्त मेहनतीने. खरंच होतं का? तुझ्या मॅडमना विचार ना. त्यांनापण असं झालं असेल आणि मग बरं झालं असेल. तेवढं कळलं की मला झोप लागेल.

गोळ्या वीसच उरल्यात. जूनपर्यंत पुरणार नाहीत. लवकर पाठव.

ऑड्री


अजमान
२ मे २०२५

ऑड्री,

गोळ्या बंद कर. हे पत्र हातात पडलं त्या मिनिटाला. उरलेल्या संडासात टाक आणि पाणी सोड. पुढचं नंतर वाच.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्या रात्रीपासून हॉस्टेलला तीनदा फोन केला. त्या सविता वॉर्डन म्हणतात, यादीत फक्त आईचं नाव आहे, भावाचं नाही. मी ओरडलो, त्यांनी ठेवून दिला. मम्मीला सांगायला फोन लावला आणि "पाऊस कधी येतो" विचारून ठेवला. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून विन्स्टन अंकलना म्हटलं, बांधकाम असो नसो, तुम्ही जा, आणि पत्र वसईच्या पोस्टात न टाकता कोणाच्या तरी हाताने पुण्याला पाठवा.

बुधवारी मॅडमचा सीझनचा शेवटचा दिवस होता. सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की मी माझ्या बहिणीला गोळ्या पाठवल्या. कुठल्या ते माहीत नाही. तुम्ही घ्यायचात म्हणून पाठवल्या. आधी त्यांना माझं इंग्रजी कळलं नाही असं वाटलं. मग त्या जमिनीवर बसल्या, वर्तुळाच्या कडेवर, त्या वयात, आणि मला म्हणाल्या, "बस. आज एकही थाळी नाही. आज तू पूर्ण ऐकणार आहेस."

बाय, मी अर्धी गोष्ट ऐकली होती. थाळ्या उचलायला गेलो तेव्हा त्यांनी त्या बापाला सांगितलेलं राहिलेलं अर्धं हे आहे.

त्या गोळ्या त्यांना व्हिटॅमिन म्हणून दिल्या होत्या. कोच तळहातावर ठेवायचा आणि गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. आईबापांना सांगायचं नाही असं लिहून घेतलेलं. अठराव्या वर्षी आवाज फुटला. त्यांच्या आईने स्टेशनवर मागून हाक ऐकली तर वळून बघितलंच नाही, तिला वाटलं कोणी पुरुष आहे. लग्न झालं, दोन मुलं पोटातच गेली. तिसरा जगला, त्याचा एक पाय जन्मापासून वाकडा. मग त्यांचा देशच, पूर्व जर्मनी, मोडला, सरकारची कपाटं उघडली, तेव्हा त्यांना स्वतःची फाइल बघायला बोलावलं. त्यात त्यांचं नावसुद्धा नव्हतं. एक नंबर, आणि कुठल्या महिन्यात किती मिलिग्रॅम. आता दर सहा महिन्यांनी लिव्हर तपासून घ्यावं लागतं, त्यात गाठी आहेत. आवाज परत आला नाही. विचारलंस ना, बरं होतं का. काही गोष्टी थांबतात, म्हणाल्या. घेणं थांबलं तर. आवाज नाही.

मी म्हटलं, पण सदुसष्ट नव्वद? त्या म्हणाल्या, "ते माझे नाहीत. माझे एकेचाळीस मीटर बारा सेंटीमीटर. पंधराव्या वर्षी, पावसात. तेवढेच मी टाकलेत, बाकीचे त्यांनी टाकले."

त्यांनी विचारलंय, तुझ्या उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली, दुखतं का? दुखत असेल तर ट्रायल वगैरे काही नाही, सरळ डॉक्टर.

पाकीट खरवडलेलं होतं हे मला माहीत होतं. रोनितने माझ्यासमोर खरवडलं. मी विचारलं का, तर म्हणाला, कस्टमसाठी. मी ते स्वतःला पटवून घेतलं.

अ‍ॅशले


पुणे
१८ मे २०२५

अ‍ॅशले,

पत्र मिळालं. वसईहून येताना पर्णिकाच्या मामाने आणून दिलं, फोडून वाचलेलं नव्हतं, नशीब.

तू भारी आहेस. ऑक्टोबरमध्ये खा, मेमध्ये फेक. ट्रायलला सत्तावीस दिवस उरलेत. आता सोडल्या तर मी चव्वेचाळीसवर येईन, आणि सर विचारतील काय झालं, काय सांगू? माझ्या भावाने गोष्ट पूर्ण ऐकली असं?

आवाज गेला तो गेलाच ना? तुझ्याच मॅडम म्हणतात परत येत नाही. मग जे जायचं ते गेलंय. आता निदान ज्यासाठी गेलं ते तरी हातात येऊ दे. चौदा जूनला मी टाकीन, कॅम्प मिळेल, नोकरी मिळेल, मग सोडीन. देवाशपथ. मॅडमना फ्लॅट मिळाला, गाडी मिळाली, आणि मग वाईट वाटलं. मला आधी काहीतरी मिळू तर दे.

तू किती वर्षं दुसऱ्यांच्या थाळ्या उचलणार आहेस? मला नाही उचलायच्या.

आणि तुला आता पाठवायची गरज नाही. वीस उरल्यात लिहिलं ते खोटं होतं. सत्तर होत्या.

कुशीत काही दुखत नाही.

ऑड्री


पुणे
९ जुलै २०२५

दादा,

हे पत्र मिळेपर्यंत तुला मम्मीकडून अर्धंमुर्धं कळलं असेल. तिला मी सांगितलंय की सर्टिफिकेटमध्ये काही गडबड आहे. तूपण तेच सांग.

चौदा जूनला मी पन्नास वीस टाकली. पहिली आले. रेल्वेचे साहेब स्वतः येऊन बोलले, फॉर्म दिला. संध्याकाळी दोन बायका आल्या, बॅज लावलेल्या, म्हणाल्या, सँपल द्यायचं. एक बाई बाथरूममध्ये माझ्यासमोर उभी राहिली. दोन बाटल्यांत भरलं, ए आणि बी, मी माझ्या हाताने सील लावलं. वाटलं होतं, इतक्या मुलींत आपल्यालाच कशाला बोलावतील.

परवा सोमवारी कागद आला. ए बाटलीत स्टेरॉइड सापडलं. आता कॅम्प नाही, हॉस्टेलवरून नाव काढतायत, महिनाअखेरपर्यंत खोली सोडायची. रेल्वेचे साहेब फोन उचलत नाहीत. चार वर्षांची बंदी येईल म्हणतात. भानुदास सर सगळ्यांसमोर म्हणाले, ही मुलगी बाहेरून काय मागवते मला काय माहीत. ज्यांनी मला दोन सेट जास्त दिले तेच. पर्णिका तेवढी अजून माझ्या ताटात जेवते.

सर आतल्या खोलीत मात्र वेगळं बोलले. म्हणाले, बी बाटली उघडून परत तपासायला लाव. तो आपला हक्क आहे, पण खर्च खेळाडूचा, वकील धरून चाळीस हजार. बाटल्या इकडेतिकडे होतात, कधी कधी सुटतो माणूस. आणि लिहून दे की गोळ्यांबद्दल तुला काहीच माहीत नाही, कोणीतरी मेसच्या दुधात टाकल्या असतील. मावशींवर जाईल ते, दादा. त्या मला लपवून अंडं द्यायच्या. पण बंदी चार वर्षांची आहे. बावीस वर्षांची होईन मी. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय.

चाळीस हजार पाठव. मी तुझं नाव कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. ते कळलं तर तिकडे तुला आत टाकतील, हे मला कळतं.

कुशीत दुखतं. उजव्या. थाळी फेकून स्नायू ओढला गेला असेल. दोन आठवडे थाळी हातात घेतलेली नाही, तरी थांबत नाही. रात्री त्या बाजूवर झोपता येत नाही, आणि पर्णिका म्हणते डोळे पिवळे दिसतात. ट्यूबलाइटमुळे असेल.

ऑड्री


अजमान
१६ जुलै २०२५

ऑड्री,

विन्स्टन अंकलच्या भाच्याने तुझं पत्र इथे आज पहाटे आणलं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि पहिलं काम मॅडमना जर्मनीत मेसेज केला, पिवळे डोळे आणि कुस, एवढंच. दहा मिनिटांत फोन आला. म्हणाल्या, ट्यूबलाइट नाही. स्नायू नाही. आज. त्यांनी आज हा शब्द चार वेळा म्हटला, मी मोजला.

मग मम्मीला फोन केला आणि सगळं सांगितलं. पहिल्या डब्यापासून. तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हणून तिचा आवाज गेला होय." आणि मग विचारलं, "तू जेवलास का?" ऑड्री, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रात्रीच्या एसटीने निघालीय, उद्या सकाळी तुझ्या गेटवर असेल. वॉर्डनच्या यादीत तिचं नाव आहे. हे पत्र मी फोटो काढून तिच्याच फोनवर पाठवतोय, म्हणजे तीच तुझ्या हातात देईल.

आता ऐक मी काय केलं. आज सकाळी टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथे मुश्ताकभाई म्हणून आहेत, व्हिसाचे अर्ज टाइप करतात. त्यांना म्हटलं, इंग्लिशमध्ये लिहा, मी अमुक अमुक, माझ्या बहिणीला दोन वेळा गोळ्या पाठवल्या, व्हिटॅमिन आहे असं खोटं सांगितलं, पाकीट खरवडलेलं बघूनही पाठवल्या, रोज दोन घे असं मी लिहिलं. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "बेटा, ये सब लिखना है? पक्का? नीचे पासपोर्ट नंबर भी?" मी म्हटलं, पक्का. त्यांनी पैसे घेतले नाहीत. सही केली, अंगठापण लावला, मनाचं समाधान म्हणून. मेच्या पत्रानंतर तू ज्या घेतल्यास त्यातलं मी काही लिहिलेलं नाही. ते तुझं आहे, सांगायचं की नाही तू बघ. पण मेसच्या मावशींचं नाव घेतलंस तर मी स्वतः येऊन त्या कमिटीला सांगेन.

दुपारी तोच कागद घेऊन क्लबच्या मॅनेजरकडे गेलो. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा. तो वाईट माणूस नाही, फिरदोस नाव आहे त्याचं. पूर्ण वाचून म्हणाला, "खलास, हबीबी. इथे पोरी खेळतात. मी तुला मैदानावर ठेवू शकत नाही." व्हिसा कॅन्सल होणार. पोलिसांना कळवायचं का, ते त्यांचे वरचे ठरवतील, तोपर्यंत माझा पासपोर्ट क्लबच्या ऑफिसात जमा. म्हणजे मी कधी येईन, आणि सरळ येईन की नाही, ते आज सांगता येत नाही. मम्मी हे वाचेलच, तिला धीर दे. रोनितची जिम गेल्या महिन्यातच बंद झाली, त्याचा नंबर लागत नाही. तो सुटला, मी नाही, ह्याचं आता काही वाटत नाही.

बी बाटलीचं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही बाटल्यांत एकाच मुलीचं पाणी आहे, तेच निघणार. पण बाय, मी काही डॉक्टर नाही, वकील नाही. बाविसावं वर्ष म्हणजे खूप उशीर असं तुला वाटतं. त्या म्हणाल्या, त्यांनी तीस वर्षं वाट बघितली, कोणी तरी येऊन सांगेल की तुझी चूक नव्हती. कोणी आलं नाही. म्हणून मी सांगतो, पहिली चूक तुझी नव्हती. दुसरीचं मला ठरवता येत नाही.

क्लबने हिशोब केला, सुट्ट्यांचे धरून जे काय निघालं ते हातात दिलं. मी आधी म्हटलं, मम्मीच्या खात्यात टाकावं, म्हणजे ती तुला हाताला धरून डॉक्टरकडे नेईल आणि विषय संपेल. फॉर्म भरूनपण झाला होता. मग खोडला. गेल्या वर्षी मी तुला न विचारता ठरवलं होतं तुझ्या पोटात काय जाईल ते. ह्या वेळी तसं करणार नाही. पैसे तुझ्या खात्यात येतील, तुझ्या नावाने. त्यातून बाटली उघडायला लाव, नाहीतर सोनोग्राफी आणि लिव्हरच्या टेस्ट कर. दोन्ही होईल एवढे नाहीत, मी दोनदा मोजले. मम्मी तुझ्याबरोबर असेल, पण कार्ड तुझ्या हातात आहे आणि मी समुद्राच्या पलीकडे बसलोय. मला काय पाहिजे ते तुला माहीत आहे, परत लिहीत नाही.

मनी एक्स्चेंजमधल्या पोराने आत्ता पावती दिली. सतराशे पन्नास दिरहम, म्हणजे आपले एकेचाळीस हजार रुपये.

अ‍ॅशले